पंचवीस मीटरला चार बोटं

“वारा?”

“नाही.”

“अंतर?”

“पंचवीस मीटर.”

“हत्याराची बाह्य स्थिती?”

“चांगली.”

“नुसती चांगली लिहू का उत्तम?” बाबरनं विचारलं. हवालदार बाबर चांदमारीवरचा कायमचा माणूस. टारगेट चिकटवायचं, भोकं मोजायची, फॉर्म भरायचा, ही त्याची कामं.

“उत्तम लिहा,” धुमाळ साहेब मागून म्हणाले. मुख्यालयातलं एकूण एक हत्यार या साहेबांच्या ताब्यात, आणि साहेबांच्या हाताखाली हत्यारांचा मिस्त्री मी. आर्मोरर. साहेब मला नलावडे म्हणायचे, बाकी सगळे नाना.

बाबरनं उत्तम लिहिलं.

एप्रिलचा महिना, सकाळचे साडेआठ. टेकडी कापून केलेल्या तांबड्या भिंतीसमोर पांढरं टारगेट, टारगेटच्या मधोमध तळहाताएवढा काळा गोल. त्याला आम्ही चांद म्हणतो. टेबलावर सत्तावीस नंबरची कार्बाइन. टेबलाच्या एका बाजूला प्रांत मॅडम. चौकशी त्यांच्याकडे होती. लिंबाच्या झाडाखाली, एका हातात बेडी, शिपाई अंकुश वाघमोडे. आणि या दोघांपासून लांब, उन्हातच उभा, जनार्दन थोटे. मयताचा थोरला भाऊ. त्याला मॅडमनी मुद्दाम पंच म्हणून आणलं होतं. म्हणाल्या होत्या, “पोलिसांनी पोलिसांचं झाकलं असं उद्या कुणी म्हणायला नको.”

रकाना तीन. चाचणीचे कारण.

फॉर्मवर या रकान्याला दोन बोटं जागा असते. बाबरनं लिहिलं, ‘चौकशीकामी’. त्यात मावलं नाही ते असं.

नऊ दिवसांपूर्वी पाथरवाडीच्या धरणावर सात गावचे लोक जमले होते, कालव्याला पाणी सोडा म्हणून. सकाळी मुरलीधर थोटे नावाच्या एका तरण्या माणसानं अंकुशच्या डोक्यावरची टोपी उचलली आणि कोरड्या कालव्यात भिरकावली. लोक हसले. दुपारी तोच मुरलीधर गेटच्या भिंतीवर चढून पाणी सोडायचं लोखंडी चाक फिरवायला लागला. फौजदारानं अंकुशला हुकूम दिला : एक गोळी, धाक दाखवायला. अंकुशनं सत्तर मीटरवरून एक गोळी झाडली. ती मुरलीधरच्या कपाळात बसली.

अंकुशचा जबाब : मी त्याच्या डोक्यावर वीतभर जागा सोडून नेम धरला होता. गोळी केसांवरून गेली असती, की तो आपणहून उतरला असता.

बाकी सगळ्यांचं म्हणणं : टोपी.

म्हणजे त्या सकाळी ठरायचं होतं ते एवढंच. सत्तावीस नंबर जिथं धरावी तिथं मारत असेल, तर अंकुश खोटं बोलतोय आणि तो खून आहे. जिथं धरावी तिथं मारत नसेल, तर खून नाही.

रकाना चार, पाच, सहा. नळी, साइट, चाप. ‘उत्तम’, ‘उत्तम’, ‘उत्तम’.

मी वाळूच्या पिशव्यांवर आडवा होण्याआधी लिंबाखालून हाक आली.

“नाना.”

मी बघितलं नाही.

“नाना, नीट बघा तिला. तिच्यात कायतरी हाय. आईची शपथ घेऊन सांगतो, मी वर धरली होती.”

“अंकुश, माझ्या हातचं हत्यार आहे ते,” मी म्हणालो. “स्वतःला वाचवायला माझ्या हत्याराला नावं ठेवू नकोस.”

“ऐकलं का मॅडम?” जनार्दन थोटे पहिल्यांदाच बोलला. “त्यांचाच मिस्त्री काय म्हणतोय ते ऐका.”

हा माज होता माझा, पण उगाच नव्हता. अकरा वर्षं मी त्या मुख्यालयातल्या बेचाळीस कार्बाइन एकट्यानं सांभाळल्या होत्या. प्रत्येकीची पुढची साइट मी स्वतः लावलेली. इथं आडवं व्हायचं, दहा गोळ्या मारायच्या, साइट केसभर फिरवायची, पुन्हा दहा. चांदात एका मुठीएवढी जागा झाली की मगच ती हत्यारांच्या कोठीत जायची. वर्षाच्या गोळीबारात पोरांचे गुण कमी पडले की मी त्यांना म्हणायचो, “टारगेट जागेवर आहे, कार्बाइन जागेवर आहे, तेवढे तुम्हीच नाही.” पोरं मान खाली घालून हसायची. अंकुश त्यांच्यातला नव्हता. तो दोन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेला, रायफलीवरचा माणूस. कार्बाइन त्याच्या हातात धरणावर पहिल्यांदा आली.

रकाना सात. प्रत्यक्ष गोळीबार, गोळ्या दहा.

ही कार्बाइन कशी चालते ते सांगायला हवं. रायफलचा चाप ओढला की बार होतो. हिचा लगेच होत नाही. हिच्या पोटात एक जड लोखंडी ठोकळा असतो, तो मागं अडकवून ठेवलेला. चाप ओढला की ठोकळा सुटतो, पुढं धावतो, वाटेत मॅगझिनमधली गोळी ढकलत नेतो, नळीच्या बुडाशी आदळतो आणि तेव्हा बार होतो. चाप आणि बार यांच्यामध्ये अर्धा श्वास जातो. त्या अर्ध्या श्वासात ठोकळ्याच्या धक्क्यानं नळी मान टाकते. माझे उस्ताद म्हणायचे, “नळीची मान पडू द्यायची नाही.” मी ते लक्षात ठेवलं होतं.

गोळी एक. चांदात.

गोळी दोन. चांदात.

तीन, चार. बाबर दुर्बीण लावून ओरडत होता, “चांद! चांद!” मागं धुमाळ साहेबांच्या बुटांखाली खडे वाजत होते. खुशीत असले की ते येरझारा घालायचे.

गोळी पाच. चांदात.

गोळी सहा.

खट्.

ठोकळा धावला, आदळला, आणि बार झाला नाही. गोळी खराब निघाली होती. शंभर पेट्यांत एखादी निघते.

आता दुसरी एक गोष्ट सांगतो. नवी पोरं आली की मी त्यांना एक गंमत करायचो. त्यांच्या नकळत मॅगझिनमध्ये एक खोटी गोळी घालायची. पोरगं नेम धरतं, चाप ओढतं, बार होतच नाही, पण पोरगं मात्र बार झाल्यासारखं दचकतं. कुणाची नळी खाली जाते, कुणाची डावीकडं. एरवी बाराच्या धक्क्यात हे झाकून जातं. खोटी गोळी ते उघडं पाडते. सगळी पलटण हसायची आणि मी म्हणायचो, “बघा, कशी लाजते नवरी!”

त्या सकाळी खट् झालं आणि माझ्या डोळ्यांसमोरचा चांद नाहीसा झाला. साइटचं टोक त्याच्या बुडाशी टेकलेलं होतं, ते चांद झाकून वर गेलं होतं. ठोकळ्याच्या धक्क्यानं नळी खाली जायला हवी होती. माझी वर गेली होती.

मी उचलत होतो. चाप ओढताना, दर वेळी, न कळता, नळी उचलत होतो.

आणि जो माणूस उचलतो त्याच्या गोळ्या वर बसतात. त्या चांदात आणायच्या तर साइट अशी फिरवावी लागते की कार्बाइन खाली मारेल. मी तशी फिरवली होती. म्हणजे माझ्या हातात ती चांदात मारायची. जो उचलत नाही त्याच्या हातात—

“नाना!” अंकुश उभा राहिला होता. बेडीच्या दुसऱ्या टोकाचा शिपाई ओढला जाऊन तोही उभा. “मॅडम, बघितलं का? नळी वर गेली! बार न होता वर गेली! नाना, तुम्हीच सांगा, काय झालं ते तुम्हीच सांगा!”

“खाली बस,” धुमाळ साहेब म्हणाले.

मॅडम टारगेटकडं बघत होत्या. त्यांनी काही पाहिलं नव्हतं. “नलावडे, काय म्हणतायत ते?”

मी ठोकळा मागं ओढून खराब गोळी बाहेर काढली. ती धुळीत पडली. तिच्याकडं बघत मी म्हणालो, “काही नाही मॅडम. गोळी खराब निघाली.”

हे मी म्हणालो. इतक्या वर्षांत हे वाक्य मी पुष्कळ वेगवेगळ्या तऱ्हांनी आठवून बघितलं. ते दर वेळी असंच येतं.

गोळी सात. आता उचलायचं नाही असं ठरवून मारली. हातानं ऐकलं नाही. चांदात.

आठ. चांदात.

नऊ. लिंबाखालून रडणं ऐकू येत होतं. मोठ्या माणसाचं रडणं, नाकातून. चांदात.

दहा.

बाबर टारगेट घेऊन आला. नऊ भोकं, माझ्या मुठीखाली सगळी झाकत होती. धुमाळ साहेबांनी ते मॅडमपुढं धरलं, मग जनार्दन थोटेपुढं धरलं. त्यानं एकेका भोकात करंगळीचं टोक घालून बघितलं.

“झालं तर,” तो म्हणाला. “हत्यार सरळ हाय. माणूस वाकडा हाय.”

रकाना नऊ. अभिप्राय.

“निर्दोष लिहू ना नाना?” बाबरनं विचारलं.

“लिही की,” मी म्हणालो, आणि त्यानं ‘नि’ लिहिला.

“थांब.”

“काय?”

“थांब, बाबर. लिहू नकोस.”

काय काय बोललो ते सलग आठवत नाही. मॅडमपुढं जाऊन उभा राहिलो. म्हणालो, मॅडम, कार्बाइन खाली मारते. मी नळी उचलतो. मला माहीत नव्हतं, आत्ता कळलं. या पोरानं वरच धरली असणार. मॅडमनी टारगेट उचलून माझ्यापुढं धरलं.

“नलावडे, या कागदावर नऊ भोकं आहेत आणि सगळी मधोमध आहेत. आणि तुम्ही म्हणता कार्बाइन खाली मारते?”

“माझ्या हातात नाही मारत, मॅडम.”

“सोयीचं आहे,” त्या म्हणाल्या.

धुमाळ साहेबांनी माझ्या दंडाला धरून मला बाजूला नेलं. आवाज चढवला नाही.

“नलावडे, बेचाळीस कार्बाइन आहेत. अकरा वर्षांच्या तपासण्यांवर तुमची सही आहे आणि तुमच्या सहीखाली माझी. सात महिन्यांनी तुमच्या हातात नारळ द्यायचाय. एका शिपायासाठी तुम्ही अख्खी कोठी बाद ठरवताय.”

“साहेब, त्यानं खून नाही केला.”

“ते कोर्ट बघेल.”

“कोर्ट हा फॉर्म बघेल, साहेब.”

त्यांनी माझा दंड सोडला. तेवढ्यात मॅडमनी फॉर्म उचलला होता.

“हा रकाना आठ कोरा का?”

रकाना आठ. चाचणी घेणाऱ्याखेरीज अन्य व्यक्तीने केलेला गोळीबार.

अकरा वर्षं त्या रकान्यात आम्ही आडवी रेघ मारत होतो. असं का लिहिलंय ते कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्यानं मारायचं कशाला? नानांनी मारलं की झालं.

“त्यात रेघ मारायची असते, मॅडम,” बाबर म्हणाला.

“आज मारायची नाही. तुम्ही मारा पाच गोळ्या.”

बाबरनं धुमाळ साहेबांकडं बघितलं. साहेब आभाळाकडं बघत होते. बाबर पिशव्यांवर आडवा झाला. नवं टारगेट लावलेलं. मला हायसं वाटलं. बाबर उचलत नाही, मला ठाऊक होतं. चांदमारीवर त्याच्याइतका स्थिर हात दुसरा नव्हता. चांदाच्या बुडाला टोक टेकवायचं, मारायचं, आणि पाची गोळ्या चांदाखाली पांढऱ्यात.

पाची गोळ्या चांदात गेल्या.

“नाना,” अंकुशनं विचारलं. आता तो ओरडत नव्हता. “नाना, हे कसं?”

मला कळेना. मग कळलं. मी बाबरच्या उजव्या अंगाला उभा होतो. नळी मला दिसत होती. ती जरा जास्त वर होती.

“बाबर, नेम कुठं धरलास?”

“चांदाच्या बुडाला. नियमाप्रमाणं.”

“बाबर.”

“नियमाप्रमाणं धरली, नाना.”

मी त्याच्यापुढं गुडघ्यावर बसलो. लाज वाटली नाही. “बाबर, मला वाचवू नकोस. त्याला फाशी होईल, नाहीतर जन्म आत जाईल. कुठं धरलीस?”

तो उठून बसला. कोपरांची धूळ झटकत राहिला, धूळ गेली तरी झटकत राहिला.

“चांदाच्या डोक्यावर,” तो म्हणाला.

“का?”

“तुमची कार्बाइन सगळे तशीच धरतात, नाना.”

“सगळे म्हणजे?”

“सगळे. अकरा वर्षं. नवं पोरगं आलं की पहिल्या दिवशी आम्ही सांगतो, नानाची कार्बाइन बुडाला धरू नको, डोक्यावर धर. खाली मारते.” तो माझ्याकडं बघत नव्हता. “तुम्हाला कोण सांगणार? तुम्ही सगळ्यांचे उस्ताद. एकदा कदमनं सांगायचं ठरवलं होतं, तर तुम्ही त्याच्या बापाचा उद्धार केलात.”

कदम कोण ते मला आठवेना. अजून आठवत नाही.

“मग मला का नाही सांगितलं?” अंकुशनं विचारलं.

बाबरनं लिंबाकडं बघितलं.

“तू आलास, लगेच बंदोबस्त लागला,” तो म्हणाला. “राहून गेलं.”

राहून गेलं. मग धुमाळ साहेब बोलले. “मॅडम, हे सगळं मला आजच कळतंय. आणि हे दोघेही वाघमोडेला सांभाळतायत. खात्यातली माणसं आहेत, एकमेकांना सांभाळणारच.”

मॅडम खुर्चीत बसल्या. “तोच प्रश्न आहे. तुम्ही सगळे एकाच खात्याचे. मी कुणाचं खरं मानायचं? वाघमोडेला मारायला सांगितलं तर तो मुद्दाम खाली मारेल. धुमाळ, तुम्ही मारलंत तर मुद्दाम वर माराल. मला सांगा, इथं असं कोण आहे ज्याला हे हत्यार खाली मारावं असं वाटत नाही आणि ज्याला ते वर धरायची सवयही नाही?”

“मी मारतो,” जनार्दन थोटे म्हणाला.

सगळे वळले.

“माझ्याकडं डुकरांसाठी ठासणीची बंदूक हाय, लायसनची. नेम धरता येतो मला. हत्यार सरळ हाय का वाकडं, माझं मी बघतो.”

“शक्यच नाही,” धुमाळ साहेब म्हणाले. “सिव्हिलियन माणूस सरकारी हत्यार—”

“माझ्या लेखी आदेशानं,” मॅडम म्हणाल्या. “रकान्यात ‘अन्य व्यक्ती’ लिहिलंय. ‘अन्य पोलीस’ नाही.”

त्याला आडवं व्हायला मी मदत केली. कोपर कुठं, खांदा कुठं ते दाखवलं. त्याच्या अंगाला शेणाचा आणि बिडीचा वास होता. कार्बाइन हातात घेऊन तो थांबला.

“हीच का?”

“हीच.”

त्यानं हात काढून घेतला. धोतराला पुसला. मग पुन्हा धरली.

“टोक चांदाच्या बुडाला टेकवा,” मी म्हणालो. “चाप ओढल्यावर आत काहीतरी धावल्यासारखं वाटेल. हलू नका. उचलू नका, दाबू नका. काही करू नका.”

“मला शिकवू नका. तुमचं शिकवणं दिसतंय सगळं.”

गोळी एक.

तो कार्बाइनकडं बघत राहिला. “एवढाच आवाज? तिथं लई मोठा वाटला होता.”

दोन. तीन. चार. पाच.

बाबरनं दुर्बिणीतून काही सांगितलं नाही. जनार्दन स्वतः उठून गेला, आम्ही मागोमाग. चांद कोरा होता. पाच भोकं खालच्या पांढऱ्यात, दाटीवाटीनं. चांगला हात होता त्याचा. चांदाच्या मध्यापासून भोकांपर्यंत त्यानं बोटं लावली. चार बोटं.

“माझा हात बसला नसंल,” तो म्हणाला. “आणखी द्या.”

पुन्हा पाच. पुन्हा चार बोटं खाली.

“आणखी.”

“थोटे, पुरे,” मॅडम म्हणाल्या.

“आणखी पाच, बाई. एकदाच. पाया पडतो.”

मॅडमनी होकाराची मान हलवली. मी मॅगझिन भरून दिलं. तो आडवा झाला. आता त्याच्या कानशिलावरची शीर उडत होती. मी पुन्हा उजव्या अंगाला उभा होतो, नळी बघत. टोक चांदाच्या बुडाशी टेकलं. मग सरकलं. हळूहळू वर सरकलं, चांदाच्या मध्यावर आलं, डोक्यावर आलं, तिथं थांबलं.

बाबरनं सांगितलेलं त्यानं ऐकलं होतं. कुठं धरली की गोळी मधोमध बसते ते आता त्याला ठाऊक होतं. तशी धरून पाच वेळा चाप ओढला की हत्यार सरळ ठरणार होतं आणि त्याच्या भावाला मारणारा खुनी ठरणार होता. मला बोलता आलं असतं. मी म्हणालो असतो, मॅडम, नळी बघा. पण माझ्या बोलण्याला त्या मैदानात आता काडीची किंमत नव्हती. अंकुशलाही नळी दिसत होती. त्याचा मोकळा हात झाडाच्या सालीत रुतला होता.

किती वेळ गेला सांगता येत नाही. जनार्दनचा श्वास ऐकू येत होता, भात्यासारखा.

मग नळी खाली आली. चांदाच्या बुडाशी. आणि त्यानं पाच गोळ्या एकामागून एक झाडल्या, न थांबता, दात खाऊन. शेवटचा बार झाल्यावर कपाळ पिशवीवर टेकून तो तसाच पडून राहिला. या वेळी टारगेट बघायला तो गेला नाही. बाबर गेला, आणि लांबूनच त्यानं चार बोटं दाखवली.

“पंचवीसला चार बोटं,” जनार्दन पिशवीत तोंड घालूनच म्हणाला. “सत्तरला किती?”

“वीतभर,” मी म्हणालो.

पंचनामा मॅडमनी स्वतः लिहिला. जनार्दननं तो शब्दाखाली बोट धरून वाचला. एका ओळीपाशी तो थांबला आणि ती मोठ्यानं वाचली : ‘सबब नेम डोक्याच्या वर धरल्याबाबतचा शिपाई वाघमोडे यांचा जबाब सदर चाचणीशी जुळतो.’

“ह्यावर सही केली की हा सुटणार?”

“खुनातून सुटेल,” मॅडम म्हणाल्या. “बाकीचं पुढं बघितलं जाईल.”

“आणि न्हाई केली तर?”

“तर तुमच्या सहीशिवाय जाईल. मग हे पुन्हा पोलिसांनी पोलिसांबद्दल म्हटलेलं होईल.”

त्यानं अंकुशकडं बघितलं. सकाळपासून जो शपथा घेत होता, हाका मारत होता, तो आता गप्प होता. त्यानं हात जोडले नाहीत. खाली मात्र बघितलं नाही, सरळ बघत राहिला.

“घरी म्हातारी बसलीय,” जनार्दन म्हणाला. “रोज एकच विचारती, माझ्या मुरलीला कुणी मारला? आजपातुर सांगत होतो, वाघमोडे नावाच्या पोलिसानं. आज जाऊन काय सांगू?”

धुमाळ साहेबांनी टोपी काढून आतला घाम पुसला. बाबर रिकामी काडतुसं वेचायला लागला होता.

“माझं नाव सांगा,” मी म्हणालो.

तो माझ्याकडं वळला. माझ्या वर्दीवरच्या पट्टीकडं त्यानं बघितलं, पण तिच्यावर धूळ बसली होती.

“काय तुमचं नाव? नाना न्हवं. पुरं.”

“श्रीपती आनंदा नलावडे.”

“श्रीपती आनंदा नलावडे,” तो म्हणाला. मग ओठ हलवत आणखी एकदा म्हणाला, घरी जाईपर्यंत विसरायला नको म्हणून. आणि सही केली.